घावनाचो फातर

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

ओली गोधडी पिळताना एकीने एका अंगाला आणि दुसरीने दुसऱ्या अंगाला पीळ द्यायचा असतो. दहा वर्षांच्या असताना मला आणि आनंदीला हे माहीत नव्हतं. आम्ही दोघी एकाच अंगाला पिळत होतो आणि गोधडी नुसती गोल फिरत होती, पाणी काही निथळेना. आनंदीची आई व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडून ओरडली, "गे बायांनो, पिळतास काय झोके देतास?" आम्ही हसून हसून घावनाच्या फातरावर, त्या धुण्याच्या दगडावर, बसलो आणि परकर भिजवून घेतले. पुढच्या जूनमध्ये बाबांनी मला सावंतवाडीला सिस्टरांच्या शाळेत घातलं. आनंदी इथेच राहिली.

हे आज आठवलं, कारण त्याच फातरावर आज एक बाई ओणवी होऊन भिंग लावून बसली होती. डॉ. दीपिका, पुण्याहून आलेली, माझ्या मुलीच्या वयाची. आमच्या व्हाळवाडीत सगळा जांभा नाहीतर काळा दगड. हा एकच कातळ चुनखडीचा. बाजूने पाहिलं तर घावनांची चवड, वरून पाहिलं तर एकात एक वाटोळी कडी. म्हणून त्याचं नाव तसं पडलं. आम्ही त्यावर कपडे आपटत मोठ्या झालो.

दीपिकाने बाटलीतून आम्लाचा एक थेंब सोडला. फेस आला. मग ती मला घरच्यासारखी समजावू लागली. "बाई, हे थर जिवाणूंनी रचलेत. उथळ समुद्रात त्यांची साय धरायची, तिच्यावर चुन्याचा गाळ बसायचा, की परत वर नवी साय. शंभर कोटी वर्षं तरी झाली असावीत."

"साय म्हणजे बुळबुळीत?"

"निव्वळ बुळबुळ!" ती आनंदाने म्हणाली.

मला शिसारी आली. शाळेत न्हाणीघरातलं शेवाळ विटेच्या तुकड्याने घासायची शिक्षा असे. तो हिरवा गिळगिळीत स्पर्श अजून बोटांना आहे. आणि पृथ्वीवर सगळ्यांत आधी तेच होतं म्हणे! मी एकतीस वर्षं जामसंड्याला मुलांना विज्ञान शिकवलं आणि मला हे ठाऊक नसावं, याची लाजही वाटली.

ती परवानगी काढून, यंत्र घेऊन परत येणार आहे. दगडातून एक लांब कांडी कापून नेणार. "वरचे थर सर्वांत महत्त्वाचे आहेत, बाई. तोवर कुणाला हात लावू देऊ नका." मी म्हटलं, माझा शब्द.

६ ऑक्टोबर

आनंदीला गंमत दाखवली. माझ्याकडे आम्ल कुठलं? लिंबू घेतलं, सुरी घेतली आणि निघाले. आनंदी वाटेतच भेटली.

"खंय चललंस गो लिंबू घेवन? मासे खंय?"

"ये तर खरी."

फातराला सुरीने जरा खरवडलं आणि पिळलं. बारीक फेस आला. आनंदीचा गुडघा वाकत नाही, तरी ती हळूहळू खाली बसली.

"अगो बाय माझे! ह्यां काय?"

"कान लाव."

तिने कान लावला. "सुसकारता गो!"

"बोलता तो," मी म्हटलं. "इतकी वर्सां आपण आपटलंव, आज बोलाक लागलो."

"काय म्हणता?"

"म्हणता, ह्या आनंदीन माका लय मारल्यान."

मी किती दिवसांनी इतकी हसले! आनंदी मात्र उठायच्या आधी पदराने फातर पुसत बसली, कडेकडेने, हळूच. तिला लहानपणापासून स्वच्छतेची आवड. सून तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही, आणि ही अशी नीटनेटकी बाई.

२६ ऑक्टोबर, शनिवार

घावनाच्या फातरावर पाच कापलेली लिंबं, वर कुंकू. चिलटं घोंघावत होती. एका लिंबाला बुरशी आली होती. मी खराटा आणून सगळं व्हाळात लोटलं, आणि घरी येऊन दोनदा साबणाने हात धुतले.

कुणाची ही बुद्धी? वहिनीला विचारलं. माझ्या थोरल्या भावाची बायको, हौसाबाई. भाऊ गेल्यापासून आम्ही दोघीच या घरात राहतो.

"माका काय ठावक, वन्स," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता तांदूळ निवडत राहिली.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

भाऊ नाही, तरी त्याचा मुलगा यज्ञेश दरवर्षी ओवाळून घ्यायला येतो. कट्टा गावात त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. आज ओवाळणीबरोबर काखेत एक गुंडाळी घेऊन आला.

"आत्या, तू शिकलेली, म्हणान पयलो तुका दाखवतंय."

बॅनर होता. भगव्यावर पिवळी अक्षरं: जागृत देवस्थान श्री हुंकारेश्वर, व्हाळवाडी. खाली यज्ञेशचा हात जोडलेला फोटो, फातरापेक्षा मोठा.

"हुंकार कुणाचा?"

"फातराचो. आनंदीकाकी लिंबू पिळता आणि देव हुंकारता. ह्या कानान ऐकलंय मी."

"अरे, तो कार्बन डायऑक्साइड! सोड्याच्या बाटलीत असतो तो!"

"मगे सोड्यात देव नाय असो कोणी सांगल्यान?"

वहिनी तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं नाही. संध्याकाळी गेले तर पंचवीस-तीस माणसं. काहीजणांनी पायांतल्या चपला व्हाळातच धुतल्या. एक बाई पोराच्या तोंडाला तो फेस पुसत होती, जंत जातात म्हणे. शी! आणि मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत आनंदी, हातात सुरी. मला बघून तिने हाक मारली नाही. मीही मारली नाही.

ही अंधश्रद्धा सुरू कुणी केली, ते मी शोधून काढणार आहे.

१० नोव्हेंबर

दीपिकाला फोन केला. परवानगीचा कागद अजून टेबलावरून हललेला नाही. ती पंचवीसच्या पुढे येईल. लिंबाचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाई, आम्ल चुनखडी खातं. तुम्ही शिकवलंय ना मुलांना?"

शिकवलंय. दर वर्षी, आठवीला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज एकादशी, म्हणून गर्दी. मी ठरवलं, खरं सांगायचं. खरं बोललं की लोक ऐकतात, असं सिस्टर म्हणत. यज्ञेशने घातलेल्या मंडपाच्या खांबाला धरून उभी राहिले आणि ऑफिसात बोलतात तसं शुद्ध बोलले. हा दगड जवळजवळ शंभर कोटी वर्षांचा आहे, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांनी तो बांधला आहे, लिंबाने तो विरघळतो आहे, तेव्हा कृपा करून लिंबू पिळू नका. लोकांनी अगदी शांतपणे ऐकलं. दोघांनी हात जोडले. मला वाटलं, पटलं.

यज्ञेश टुणकन उठला. "ऐकलात? आत्या आमची सायन्सची बाई! शंभर कोटी वर्सांचो देव! डोळ्यांक दिसना नाय अशा जिवांनी बांधल्यानी! आता तर विज्ञानानपण मान्य केल्यान!"

टाळ्या पडल्या. माझ्या पाया पडायला चार बायका आल्या. एकीच्या हातात लिंबू होतं.

घरी येऊन दिवसभर काही खाल्लं नाही.

१७ नोव्हेंबर

नवा बॅनर लागला. "१०० कोटी वर्षे प्राचीन, वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध." खाली माझं नाव, "माजी विज्ञान शिक्षिका".

मतदान तीन दिवसांवर आलंय. दोन्ही बाजूंचे उमेदवार आले, दोघांनीही पिळलं, दोघांनाही हुंकार ऐकू आला.

लिंबं पुरेनाशी झाली, म्हणून यज्ञेशने लिंबूसत्त्वाच्या पिशव्या आणल्यात. बादलीत कालवून तांब्याने ओततात. फेस आता वीतभर उठतो आणि पिवळट होऊन कडेला साचतो, त्यात फुलं कुजतात, दूध नासतं, माश्या मरतात. नाकाला पदर लावल्याशिवाय जाववत नाही. लोक तेच बाटलीत भरून घरी नेतात.

मधल्या कड्यांच्या जागी आता खळगा पडलाय. माझ्या बोटाचं एक पेर त्यात बुडतं. दीपिका म्हणाली होती, एक थर एका दिवसाचा असेल किंवा एका ऋतूचा, नक्की सांगता येत नाही. म्हणजे कुणाचे तरी किती दिवस आम्ही पिळून टाकले!

१९ नोव्हेंबर

आनंदीकडे गेले. ती मागच्या पडवीत एकटी लिंबं पुसत होती. मी बसले नाही.

"हे कोणी सुरू केल्यान, आनंदी? नाव सांग माका. मी पोलिसांत जातलंय."

तिने वर पाहिलं. "खरांच नाव सांगू?"

"सांग."

"तूच."

मी म्हटलं, भलतंच काय!

"तूच सांगलंस, बोलता तो. तुझी ती सुरी, तुझांच लिंबू. कान लाव म्हणालंस."

"अगं, ती थट्टा होती!"

"तुझी थट्टा. माका काय ठावक? सिस्टरांच्या शाळेत गेलेली तू. तू खोटा बोलतलंस?"

आमच्याकडे देव 'बोलतो' म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं का? देवळात कौल लावतात तेव्हा हाच शब्द असतो. मी या गावातली, हा शब्द लहानपणापासून ऐकलेली. तरी मला वाटलं, माझ्या तोंडून निघाला की त्याचा अर्थ मला हवा तेवढाच राहील.

"मगे आता सांग सगळ्यांक," मी म्हटलं. "खोटा होता म्हणान."

"लग्न होवन ह्या घरात इलंय, तेपासून कोणी माका 'बाय, बस' म्हणूक नाय," आनंदी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आता खुर्ची देतत. सून च्या आणून देता, कपबशीत. तू म्हणतंस, सांग खोटा."

"तो फातर जाताहा गो, आनंदी."

"जाणां मी. माझी बोटां रोज फिरतत तेच्यार. घावनां उलथली, आता तवो दिसता."

घरी आल्यावर मी परत हात धुतले. बराच वेळ धुतले. वहिनी म्हणाली, "वन्स, साबण संपलो." तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, आज विचारलं तर म्हणाली, साऱ्या वाडीला ठाऊक होतं. मला लाज वाटेल म्हणून कुणी बोललं नाही. ज्या माणसांची महिनाभर किळस करत बसले, ती माझी अब्रू झाकत होती.

२१ नोव्हेंबर

वहिनीने एक तोड सुचवली. आमच्या भागात प्रत्येक देवाला काहीतरी वर्ज्य असतं. एका गावात देवाला माडी चालत नाही म्हणून कुणी माडीचं घर बांधत नाही. दुसऱ्या गावात खाटेवर कुणी झोपत नाही. "सांगा, ह्या देवाक आंबट चलत नाय. कोण इचारूक येतलो?"

मी नाही म्हटलं. एका थट्टेने एवढं झालं, आता वर जाणूनबुजून खोटं? मी ते करणार नाही. पंचवीसनंतर दीपिका येईल, ती सांगेल. तोवर मी रोज जाऊन बसेन आणि हात जोडून विनवेन.

२२ नोव्हेंबर

बसले. विनवलं. एका म्हाताऱ्याने मला प्रसाद म्हणून तो पिवळा फेस हातावर दिला. टाकता येईना. मुठीत धरून घरापर्यंत आले.

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळी वाडीतली सगळी माणसं जमली होती, बाहेरगावच्या दोन गाड्याही. यज्ञेशने बादली कालवली. आनंदी खुर्चीतून उठली आणि म्हणाली, "थांब. माका सपान पडला."

मग तिने डोक्यावर पदर घेतला, फातरापुढे उभी राहिली आणि मोठ्याने गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं घालणं हे गावकाराचं, देवळाच्या मानकऱ्याचं काम. बाईने घातलेलं मी जन्मात ऐकलं नाही. गावकार पुढे सरसावला. "बायल माणूस गाराणा घालता? खंयची रीत ही?"

"मगे तू घाल," आनंदी म्हणाली. "सपान माका पडला, तुका पडला काय?"

तो मागे सरला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सवयच ती.

"आज ही सगळी लेकरां तुझ्या पायांकडे जमली हत. तेंच्या हातान जी काय चूकभूल झाली, ती पोटात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुका आंबट चलत नाय, ह्यां आमका कळूक नाय. तू कळवळत होतंस, आमका वाटला हुंकारतंस. तुझी कातडी गेली, म्हाराजा!"

इथे "व्हय" जरा हळू आलं. यज्ञेशच्या हातातला तांब्या खाली गेला.

"आजपासून लिंबू नाय, सोलां नाय, चिंच नाय, ताक नाय, दही नाय. जो कोण आंबट घालीत, तेका तू बघून घे. आणि जेणी हे पयला केल्यानी, तेनी अडाणीपणान केल्यानी, तेका शासन करू नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तो शेवटचा आवाज माझाही होता. मी म्हणायचं नाही असं ठरवून उभी होते.

खोटं ते खोटंच. स्वप्नबिप्न काही पडलेलं नाही, मी आनंदीला ओळखते. गुडघ्याच्या दुखण्याने तिला झोपच लागत नाही, स्वप्न कुठलं पडणार? मला त्या सगळ्याची किळस आली, आणि मोकळं वाटलं म्हणून स्वतःचीही. जाताना ती माझ्या जवळून गेली. मी म्हटलं, "आनंदी." ती म्हणाली, "बादली धुवन टाक ती," आणि गेली.

२८ नोव्हेंबर

आंबट बंद. यज्ञेशने दोन दिवस मध आणि गुळाचं पाणी घालून बघितलं. फेस नाही, हुंकार नाही, फक्त मुंग्या. काळ्या आणि तांबड्या, थराथरांतून ओळीने. बाहेरगावच्या गाड्या थांबल्या. आज मंडपाचं कापड सोडवून नेलं. खुर्चीही दिसली नाही. आनंदी कडेला जमिनीवर पाय लांब करून बसली होती आणि काडीने फटींतला चिकट गूळ काढत होती. सुनेने तिला चहा पाठवलेला दिसला नाही, म्हणून मी घरून नेला.

ती म्हणाली, "साखर कमी." मी म्हटलं, "देवाला मुंग्या झाल्यात तेवढ्या पुरेत." ती हसली नाही, पण कप परत दिला नाही.

२ डिसेंबर, देवदिवाळी

दीपिका येऊन गेली. खळगा बघून ती खाली बसली आणि भिंग खिशातून काढलंच नाही. मी सगळं सांगितलं, थट्टेसकट. मला वाटलं ती रागावेल. ती इतकंच म्हणाली, "वरचं गेलं, बाई. आता खालचं तरी नीट नेऊ."

यंत्र लावायला माणसं तयार होईनात, देवाला भोक पाडायचं म्हणून. आनंदीने दीपिकाच्या हातात नारळ दिला आणि म्हणाली, "तू सांग तेका, कित्याक नेतंस तां." दीपिका पुण्याची, गाऱ्हाणं तिला कुठलं येतंय? ती फातराकडे तोंड करून म्हणाली, "तुम्ही कसे जगलात ते बघायचंय. जपून ठेवू." लोक "व्हय म्हाराजा" म्हणाले आणि यंत्र सुरू झालं.

कांडी हातभर निघाली, मधे एकदा मोडली. खालचे थर स्वच्छ आहेत, केसासारखे बारीक. एक कपचीही सुटून आली. दीपिका जाताना म्हणाली, कोणत्या तारखेला दगडावर काय ओतलं गेलं हे लिहिलेलं असतं तर फार बरं झालं असतं. दूध, मध, कुंकू, सगळंच आत झिरपलंय. आत जे सापडेल त्यातलं जुनं कुठलं आणि आमचं कुठलं, हे त्याशिवाय कसं कळणार?



४ डिसेंबर

उद्या सावंतवाडीला डोळ्याचं ऑपरेशन. कांडी न्यायला दीपिकाची गाडी परवा येईल तेव्हा मी नसेन. वहिनीसाठी लिहून ठेवते.

वहिनी, कांडीचे दोन्ही तुकडे पेटीत बांधून ठेवलेत. वरचं टोक कुठलं ते खडूने दाखवलंय, उलटसुलट करू नये. पेटी दीपिकाला द्यावी.

कपची जामसंड्याच्या माझ्या शाळेला. आठवीच्या वर्गात ठेवावी. बाटलीतलं आम्ल तिच्यावर घालून दाखवू नये. खडू आहेत, त्यांच्यावर दाखवावं.

बॅनरवरून माझं नाव यज्ञेशने स्वतः कापून आणून दिलं. तो तुकडा त्यालाच परत द्यावा. दुकानात लावायचं असेल तर लावू दे.

ही वहीसुद्धा दीपिकाला द्यावी. तारखा यात आहेत, कधी लिंबू, कधी सत्त्व, कधी गूळ. माझं काय काय त्यात आहे ते तिने वाचलं तर वाचू दे. सहा ऑक्टोबरचं पान मी फाडणार होते. फाडलं नाही.

फाडायचं ते चोवीस नोव्हेंबरचं, आनंदीच्या गाऱ्हाण्याचं पान. तुम्ही वाचू नका. घडी करून आनंदीच्या हातात द्या, सुनेच्या नको. सातवीपर्यंत शिकली आहे, वाचेल ती. तिने ते जपून ठेवावं, नाहीतर चुलीत घालावं, ते तिचं.